विंगेतला आवाज

४ मे, लाटंबार्से

‘पोरं मराठी वाचत नाहीत म्हणून घरोघर हळहळणाऱ्या आईबापांनो!’ — आज देवळाच्या मंडपात वाचनालयाच्या सभेत अशी सुरुवात केली. हळहळता, पण तुमच्या हातात पुस्तक पोराने कधी पाहिलंय का? माना खाली गेल्या, मग टाळ्याही पडल्या. तिथेच थांबायला हवं होतं. पण टाळ्या ऐकल्या की मला थांबता येत नाही. म्हणाले, सुट्टीच्या वाचन-आव्हानात माझी भाची सेजल दहा पुस्तकं वाचील, आणि ३१ तारखेला याच मंचावर त्यातलं एक वाचून दाखवील!

सेजलला विचारलंच नव्हतं. आठ वर्षांची पोर, इंग्रजी शाळेतली, कालच हळर्णहून माझ्याकडे सुट्टीला आलेली.

६ मे

जोडाक्षर आलं की सरळ खिडकीबाहेर बघते. “आत्ये, आंबे पाडूया?” मी सगळ्या गावासमोर बोलून बसलेय!

१० मे

युक्ती सापडली. मी ओळ वाचायची, तिने म्हणायची. आमच्या घरी जत्रेच्या नाटकाच्या तालमी अशाच चालायच्या — सेजलचा बाप प्रशांतदादा राजा, मी विंगेतून ओळी पुरवणारी प्रॉम्प्टर. तीन पुस्तकं झाली! वाचनालयाच्या फळ्यावर सेजलच्या नावापुढे तीन चांदण्या. ग्रंथपाल गौरवी म्हणाली, “क्षमाताई, तुमी बोलता ता करून दाखयतात!”

१९ मे

वाघाच्या शेपटीचं पुस्तक धडाधड वाचलं पोरीने. कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, कुठे मूठ आपटायची — झकास! मग माझं लक्ष पुस्तकाकडे गेलं. पान उलटायचं राहिलं होतं. ती पुढचं म्हणतच होती.

ती मूठ माझी. ते थांबणं माझं. पोर वाचत नव्हतीच — मला पाठ करत होती.

२० मे

जेवण गेलं नाही.

२२ मे

दादाला फोन केला. तो आधी पोटभर हसला. “अगो, मगे विंगेत उभी रव! मी जल्मभर तुझ्या जिवावर राजा झालंय. कोणाक कळला?”

नाही म्हणाले. ज्या मंचावरून लोकांना खरं-खोटं सुनावते, त्याच मंचावर ही लबाडी?

दुपारी मात्र मंडपात गेले. डाव्या विंगेत उभी राहून पाहिलं. माइकपाशी उभ्या पोरीला माझी कुजबूज सहज ऐकू जाईल. स्वतःची लाज वाटली. तरी उभीच राहिले.

२९ मे

मागच्या पडवीत सेजल मांजरीला पुस्तक वाचून दाखवत होती! खेकड्याचं ते पातळ पुस्तक — ‘हे बाळांचं’ म्हणून मीच बाजूला टाकलेलं. बोट अक्षराखाली. “खे... क... डा... खेकडा!” पुढच्या शब्दाला अडली. माझ्याने राहवेना, दारातून सांगून टाकलं.

तिने पुस्तक मिटलं.

“आत्ये, तू सांगू नको. तू सांगलंस की माका अक्षरां दिसणत नाय.”

मांजर पळाली. मीही आत गेले. आयुष्यात इतकी भाषणं केली, कुणी असं तोंडावर गप्प केलं नव्हतं!

३० मे

गौरवीला सेजलच्या चांदण्या पुसायला सांगितल्या. “सगळ्यो?” एक ठेव म्हटलं, खेकड्याची. संध्याकाळपर्यंत गावभर होणार.

३१ मे, सकाळ

सेजल खेकड्याचंच पुस्तक नेणार आहे. अडखळणार. लोक हसतील. माझा शब्द जाईल. आणि तिचं काय होईल? दादा पहाटेच आलाय. विंगेत माझ्यासाठी खुर्चीसुद्धा लावून ठेवलीय म्हणे.

क्षमा, विंगेत जाऊ नकोस. खाली, त्या आईबापांत बस — आणि तोंड मिटून ऐक!