आरशांच्या भूलभुलैयात अकरा खून

३ तारीख, सोमवार. सकाळ.
आजपासून मी लेखिका. चौथी पास आहे म्हणून काय झालं? रविवारी वाचनालयात आपापल्या गोष्टी वाचायच्या आहेत. नात कॉलेजात साहित्य शिकते. म्हणाली, पुस्तकातला भूलभुलैया म्हणजे माणसाचं मन आणि आरसा म्हणजे लिहिणारा स्वतः. मी म्हटलं, आरसा भांग पाडायला असतो, बाई. मी काही बोलत नाही, पण शिकून पोरं बिघडतातच. माझ्या भूलभुलैयात सरळ मुडदे पडणार!

४ तारीख.
गोष्टीतली दुष्ट म्हातारी म्हणजे आमच्या विहीणबाई, सुनेची आई. नाव घातलं नाही. ओळखणारे ओळखतील. दुसऱ्याच्या चहाला नावं ठेवतात, 'मी काही बोलत नाही' म्हणून तासभर बोलतात. सुनेचा चहा आज परत पाणचट. चारदा सांगितलं तिला.

५ तारीख. दुपार.
म्हातारीला आरशांत कोंडली. जिकडेतिकडे तीच! पहिल्या वळणावर डोक्यात लोखंडी बत्ता. दुसऱ्यावर पोटात सुरी. रक्ताचं थारोळं. काय मजा आली म्हणून सांगू! तिसरा खून चष्म्यापायी राहिला. सगळं घर शोधायला लावलं. डोक्यावरच होता. विहीणबाईंचंही असंच होत असणार. गोष्टीत घातलं.

७ तारीख.
दहा वेळा मारली. कुऱ्हाडीने, दोरीने, एकदा नुसती झिंज्या धरून आपटली. तरी मेली मरत नाही, पुढच्या आरशात उभीच! नात म्हणते, ती कोण ते कळलं की तू बाहेर येशील. मला न कळायला काय झालं? शेवटी सगळे आरसे तिच्या अंगावर पाडले. अंगाची चाळण. अकरा झाले. फार बरं वाटलं. भूक लागली.

८ तारीख.
विहीणबाईंना फोन करून आग्रहाने बोलावलं. पहिल्या रांगेत बसवणार. तोंड बघायचंय. रडल्या तर मोठ्या मनाने पाणी द्यायचं, असं ठरवलंय.

९ तारीख, रविवार. संध्याकाळ.
नातीने वाचलं. चष्मा आला तसा मुलगा फिस्सकन हसला. कुऱ्हाड पडेपर्यंत अख्खी खोली हसायला लागली. सुनेने तोंडात रुमाल कोंबला. विहीणबाई रडत होत्या, पण हसून हसून. उठून माझे हात धरले. म्हणाल्या, विहीणबाई, स्वतःवर एवढं हुबेहूब लिहायला काळीज लागतं, माझ्याने नसतं झालं. टाळ्या.
पाणी मलाच लागलं.
घरी आरशासमोर उभी राहिले. चष्मा डोक्यावर दिसला.
सुनेने चहा आणला. पाणचट होता. मी काही बोलले नाही.