लई लौकर उरकती दाढी

आबा, तुमचा वस्तरा घावला. आईच्या पेटीत, तिच्या लुगड्याच्या घडीत हुता, चामड्याच्या पट्ट्यासंगट. पात्याला जरा तांबारा धरलाय. उन्हात उघडून बगितला आन् पयलं तुमचं साबन लावलेलं तोंड आठवलं. रागावू नका, पिठात पडलेल्या बोक्यावानी दिसायचा तुमी.

मी सध्या माहेरीच हाय. केडगावला लेकाच्या घरी भांडायला कुनी घावत न्हाई, म्हनून आले असं सगळ्यांना सांगते. खरं कारन तुमचा धाकला. त्याला लकवा मारला. उजवा हात लुळा पडलाय, तोंडबी थोडं वाकडं झालंय, म्हनून सलूनात जायची लाज वाटती त्याला. तुमची सून म्हनली, "वन्सं, माजा हात थरथरतो, तुमीच करा यांची दाढी." मग इचार पडला, पानाचं, म्हंजी ब्लेडचं, रेझर घ्यावं का तुमचा वस्तरा. तर हा म्हनतो, "आक्का, वस्तरा नगं. गळा कापून जमीन लिहून घेशील." म्हनलं, "तुज्या वाट्याला हाय काय, एक बांध आन् दोन बाभळी. त्याच्यासाठी मी हात भरवू व्हय?"

मग पानच आनलं. पान सोपं, चुकून हात हालला तरी लई लागत न्हाई. पन त्यात एक खोड हाय, दाढी चालू असताना मानूस बोलत ऱ्हातो. आमचे हे तसेच. पान फिरवता फिरवता आख्ख्या गावाच्या बातम्या सांगायचे, फेस माज्या चहात उडायचा. ते गेल्यापासनं चहा सोच्छ असतो, पन ग्वाड लागत न्हाई.

धाकल्याचंबी तेच. डाक्टरनं सांगितलंय, नगरला येऊन हाताचा व्यायाम शिका, उशीर केला तर हात असाच ऱ्हाईल. मी नगर म्हनलं की हा फेसातनंच सुरू. "पोराटोरांवानी चेंडू दाबत बसू का? मला न्हाई जायाचं." माजं वाक्य काई पुरं व्हत न्हाई. आन् तिकडं हात दिसंदिस वाळत चाललाय.

तवा मला तुमची आठवन झाली, आबा. तुमी ओट्यावर बसलाय, आरसा खांबाला अडकवलाय, वस्तरा गळ्यावर हाय. आन् आई राख घेऊन भांडी घासत बोलतीय. एरवी तुमच्यापुढं तिचं तोंड उघडत नसायचं. पन वस्तरा गळ्यावर असला की तुमाला हूं बी म्हनता येत नसे, आन् ती सगळं सांगून घ्यायची. म्हशीचं, पाव्हन्यांचं, चुलतीच्या टोमन्याचं. एक दिस म्हनली, "पोरीला चौथीत शाळंतनं काढू नका. सातवी हु द्या." वस्तरा हालत ऱ्हायला. मी दारात बसून बगत हुते. गालावर फेसाचा ठिपका सुदिक न्हवता, तरी तुमी फिरवतच हुता. ती थांबली तवा तोंड पुसलं आन् म्हनला, "बरं." त्या एका "बरं"वर मी हे लिहितेय.

पुढं धाकल्यानं साखर कारखान्याच्या पयल्या पगारातनं तुमाला पानाचं रेझर आनलं. मी दिवाळीला आल्ते. चार दिस तुमी ते वापरलं, आन् चार दिस आईच्या हर बोलन्याला तुमचं उत्तर. ती गप झाली. पाचव्या दिशी वस्तरा परत खांबाखाली. का म्हनून इचारलं तर म्हनला, "पानानं लई लौकर उरकती दाढी." आमी सगळे हासलो. आई हासली न्हाई, तिनं पानी तापवलं. तवापासनं मला कोडं हाय, तुमाला दाढी लांबवायची हुती का तिचं बोलनं?

इचारायला तुमी न्हाईत, म्हनून करून बगितलं. पानानं दाढी झाल्यावर म्हनलं, "गळ्याचं ऱ्हायलंय, तिथं वस्तराच पायजे." पट्ट्यावर दोन-चारदा घासला, फेस लावला, गळ्याला टेकवला. गडी एकदम गप. मग मी बोलले. म्हनलं, तुजी बायको घास भरवती तवा तू भिताडाकडं बगतोस, ती चुलीमागं जाऊन रडती. हात बरा हुईल का न्हाई मला ठावं न्हाई, पन न जाऊन तर हुनारच न्हाई. मी थांबले. म्हनलं, झालं. तर हा डाव्या हातानं गळा चाचपतो आन् म्हनतो, "इथं जरा ऱ्हायलंय बग."

तिथं काई ऱ्हायलं न्हवतं, आबा. मी परत फेस लावला आन् उरलेलंबी बोलून घेतलं. तोंड पुसल्यावर म्हनला, "सोमवारी जाऊ नगरला."

हे पत्र तुमाला कुठनं पोचायचं. पेटीत ठेवावं तर धाकला वस्तरा बगायला पेटी उघडतो, आन् त्यानं हे वाचायला नगं. सकाळी दाढीचं पानी तापवताना चुलीत घालीन. कारन काल तो म्हनला, "आक्का, तुजा हात आबावानी हलका हाय गं, पातं लागत सुदिक न्हाई." पात्याची बोथट पाठच गळ्यावर फिरवल्यावर लागंल कसं?

त्याला ठावं असंल का, ते मातर अजून कळलेलं न्हाई.