डावा पाय

प्रिय इफ्राइमदादा,

आपल्या गावचा बंद पडलेला मॉरिस नाच पुन्हा सुरू झाल्याचं मी कळवलं आणि तू लगेच कॅनडाहून निघालास! लढाईवरून परतलेली सहा पोरं रोज संध्याकाळी पायांना घुंगरं बांधून गुत्त्यामागे उड्या मारतात. माझ्या कोंबड्या बिथरल्यात, मी मात्र आनंदानं रडते. तुझ्या जोडीचे नाचणारे सगळे गेले, म्हणून शिकवलं मीच. लहानपणापासून समोर उभी राहून पाहत आले ना.

पण काल कणीक मळताना एकदम लक्षात आलं. समोरून पाहताना तुमचा उजवा पाय माझ्या डाव्या बाजूला दिसायचा. मी पोरांना अख्खा नाच डाव्या पायानं शिकवलाय रे!

धावत जाऊन आपल्या रूबेनला म्हटलं, "बाळा, जरा उजव्यानं सुरू करून बघ."

"आजी, डोकं फिरलं का? पाच आठवडे तूच काठी आपटून 'डावा, डावा' ओरडत होतीस!"

सगळे खो खो हसले. लढाईनंतर पहिल्यांदाच इतके हसले, दादा. मी तशीच घरी परतले.

खरा नाच ठाऊक असलेला तू एकटाच उरलास. सोमवारी सकाळी तुझी बोट लागेल आणि सणाच्या नाचात, सगळ्या गावासमोर, पहिल्याच पावलाला तू "चूक!" म्हणून ओरडशील. मग ही पोरं घुंगरं सोडतील ती पुन्हा बांधणार नाहीत. या भीतीनं रात्रभर डोळा लागला नाही. तू बोटीवर, हे पत्र पाठवू तरी कुठे?

एकोणीस वर्षं तुझी वाट पाहिली. आज वाटतंय, तुझी बोट एक दिवस उशिरा लागावी.

तुझी घाबरलेली धाकटी,
टॅबिथा