दुकान बंद आहे, जेवलीस का?

जळोची, बारामती
शुक्रवार, दुपारची भांडी घासून झाल्यावर

तीर्थरूप संभाजीआबांना नागेशचा नमस्कार.

(नात्याच्या मानानं पहिला नमस्कार तुमच्याकडून यायला हवा, कारण मी पडलो जावई. पण पत्र मी लिहायला घेतलं, तेव्हा यंदापुरता तो मान सोडून दिला.) डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टीही निघाली, हे वहिनींच्या व्हॉट्सॲपवरून कळलं. वाचायला डॉक्टरांची हरकत नसेल असं धरून लांबलचक लिहितो आहे. हरकत असेल तर रोज थोडं थोडं वाचा, पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका. वहिनींची शुगर कशी आहे? म्हैस व्याली का? आणि बावड्यात मोटारीला लाइट दिवसाची मिळते की अजून रात्रीचीच? या सगळ्याची उत्तरं सवडीनं कळवा, घाई नाही. मला सवडच सवड आहे.

इकडे मी अगदी मजेत. कुकरशी माझं जमलेलं आहे, भाकरीशी अजून नाही (परातीत गोल असते, तव्यावर गेली की तिचा विचार बदलतो). तुमची बहीण पुण्याला गेली तेव्हा सव्वा महिन्याची बोली होती, हे तुम्हाला आठवत असेल. आमची उत्कर्षा बाळंतपणाला माहेरी यायची, तर तिचा डॉक्टर तिकडचा निघाला, म्हणून माहेरच उठून हिंजवडीला गेलं. सव्वा महिना झाल्यावर ठरलं की बाळानं मान धरली की येईल. मग बसायला लागलं की, मग रांगायला लागलं की, मग दात आले की. आता ते बाळ पाठीला दप्तर लावून प्लेग्रुपला जातं आणि मला फोनवर "हाय आजो" म्हणतं. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो, नाही असं नाही. पण समोर तुमची बहीण दिसत नाही, नातवाचं नाक दिसतं. मागून कुठूनतरी तिचा आवाज येतो, "जेवलात का?" मी "हो" म्हणतो. पुढचं काही बोलावं तोवर बाळ फोन पाडतं, छताचा पंखा दिसतो आणि आमचा संसार त्या दिवसापुरता आटोपतो.

आता मूळ हकीकत. घरच्या बोअरचा स्टार्टर जळाला म्हणून मी इंदापूर रस्त्याला ऋषिराजच्या दुकानात गेलो. (ऋषिराज म्हणजे माझ्या एसटीतल्या जोडीदाराचा मुलगा. ठिबक, पाइप, पाण्याच्या मोटारी विकतो, धंदा जोरात आहे.) स्टार्टर मिळाला, चहा मिळाला, वर कुणीतरी "बसा की काका" म्हणालं. एवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी मी स्टार्टर नीट चालतो आहे हे सांगायला गेलो आणि तिसऱ्या दिवशी अजूनही नीट चालतो आहे हे सांगायला. चौथ्या दिवसापासून कारण सांगायचं सोडून दिलं आणि त्यांनीही विचारायचं सोडून दिलं.

तर या ऋषिराजनं दुकानाच्या फोनला नवी यंत्रणा बसवली. फोन केला की आधी माणूस उचलत नाही, एक आवाज उचलतो आणि अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा, असं सांगतो. यंत्रणेबरोबर एक तयार बाईही आली होती. ती म्हणायची, "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वपूर्ण आहे." हे ऐकून मोरगावकडची माणसं बँकेचा फोन लागला असं समजून घाबरून ठेवून द्यायची. ऋषिराज म्हणाला, "काका, तुमी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचा. आपल्या माणसाचा आवाज पाहिजे. तुमीच द्या." आबा, निवृत्त झाल्यापासून माझा आवाज कुणी मागितला नव्हता. मी घरी जाऊन गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या आणि इस्त्रीचा शर्ट घालून गेलो (आवाजाला शर्ट लागत नाही, हे मला वृषालीनं नंतर सांगितलं).

वृषाली ही दुकानातली फोन सांभाळणारी मुलगी. तिनं मला गोदामात पाइपांच्या वेटोळ्यांमध्ये बसवलं, पंखा बंद केला, मोबाइल तोंडाशी धरला आणि "बोला" म्हणाली. मी बोललो. सवय जाते कुठं? "प्रवाशांनी लक्ष द्यावे, ठिबक विभाग फलाट क्रमांक एकवर, मोटार दुरुस्ती फलाट क्रमांक दोनवर." वृषाली म्हणाली, "काका, तुमी तर गाडी सोडायला लागलाय. जरा मायेनं बोला. घरात कुणाशी बोलताय असं समजा." मी म्हटलं, घरात कुणी नाही. ती म्हणाली, "मग हाय असं समजा."

मी डोळे मिटले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून लसूण सोलणारी तुमची बहीण समोर आणली. आता तुम्हाला आमच्या घरची रीत माहीत आहे. लग्नापासून मी तिला नावानं हाक मारली नाही आणि तिनं मला मारली नाही. (तुमच्या आईंनी एकदा उखाण्यात माझ्याकडून नाव घेतलं तेवढंच.) त्यामुळे "ऐकलंस का" म्हटल्याशिवाय माझं वाक्यच सुरू होत नाही. "ऐकलंस का, ठिबकची नळी हवी असेल तर एक दाब. मोटार बिघडली असेल तर दोन. जास्त घाई करू नकोस, माणूस फोनवर येईल." वृषाली खूश झाली. म्हणाली, सुरुवातीचा "ऐकलंस का" मी कापून टाकते, "दाब"चं "दाबा" करून परत एकदा घेऊ. मग दुकान बंद झाल्यानंतरचा निरोप घेतला. "दुकान आता बंद झालंय. उद्या सकाळी उघडेल. नाव, गाव आणि काम सांगून ठेव." इथं निरोप संपला होता. पण समोर ती होती, लसूण सोलत होती, आणि रोज तीच मला विचारते, मी कधी विचारू शकत नाही. म्हणून मी विचारलं, "जेवलीस का?"

त्याच संध्याकाळी वृषालीला भावाच्या सुपारीसाठी, म्हणजे लग्न पक्कं करायला, मोरगावला जायचं होतं. एसटी चुकेल म्हणून तिनं न कापता, पुन्हा न घेता, जे होतं ते यंत्रणेत चढवलं आणि गेली. परत येऊन नीट करू, असा तिचा विचार होता. तोवर बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत, दुकान बंद झाल्यावर जो जो फोन करेल त्याला त्याला मी जेवलीस का असं विचारू लागलो.

सुपारीहून आल्यावर वृषालीनं निरोपांची पेटी उघडली आणि तोंडावर ओढणी घेतली. पहिला निरोप होता भिगवणकडच्या एका बागायतदाराचा. "व्हय, जेवलो. आमटी-भाकरी. पर मी बाप्या हाय, आन माझी मोटार तीन दिस बंद हाय, तिचं बगा." दुसरा म्हणाला, "न्हाय अजून, पावनं आल्यात, थांबलोय." आबा, कुणीसुद्धा प्रश्न टाळून नुसतं कामाचं बोललं नाही. विचारलं आहे तर आधी सांगावं, मग पाइपाकडे वळावं, अशीच आपल्याकडची माणसं. एक गृहस्थ मात्र मोटरसायकलवरून दुकानात आले आणि काउंटरवर हात आपटून म्हणाले, "माझ्या मंडळीला रोज राती जेवलीस का इचारणारा कोण त्यो? त्येला म्होरं आना." ऋषिराजनं माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी माझे पांढरे केस पाहिले, चष्मा पाहिला, इस्त्रीचा शर्ट पाहिला. मग चहा घेतला, अर्ध्या इंचाचा कॉक घेतला आणि गेले.

आणि एक कुशाबाई. ही इंदापूरच्या पलीकडे रानात वस्तीवर एकटी राहते. पोरगा चाकणला कंपनीत आहे. पहिल्यांदा तिनं पाइप फुटला म्हणून फोन केला, त्यानंतर पाइपाचं नाव नाही. रोज दिवेलागणीनंतर फोन करते आणि काय जेवली ते सांगते. "आज पिटलं क्येलं. एकटीला चव लागंना, निम्मं कुत्र्याला घातलं." एकदा वृषालीनं तिला दिवसा फोन करून समजावलं की आजी, तिकडं माणूस नसतं, मशीन असतं. ती म्हणाली, "मला ठावं न्हाय व्हय? मशीनच हाय. पर इचारतंय बिचारं, तर सांगावं."

ऋषिराज धंद्याचा माणूस. त्यानं हे सगळं बंद करायचं ठरवलं आणि शेपूट कापून टाकलं. तर लोक नाराज. कुशाबाईनं निरोप ठेवला, "आज इचारलं न्हाईस. दुकानात भांडान झालं का काय?" मग ऋषिराज म्हणाला, ठीक आहे, ठेवू, पण आदरानं ठेवू, गिऱ्हाईक आहे. मला परत पाइपांमध्ये बसवलं आणि "आपण जेवलात का?" असं म्हणायला लावलं. आबा, मी दुपारभर ते म्हणत होतो. कधी हॉटेलातला वाढपी निघाला, कधी लग्नातला मुलीकडचा माणूस, एकदा तर चक्क डॉक्टर. मायेनं काही निघेना. शेवटी वृषालीनंच जुना आवाज परत चढवला, आणि तोच अजून चालू आहे. ऋषिराज सांगतो की विक्री वाढली. मला त्यातलं काही कळत नाही.

चार दिवसांपूर्वीची गोष्ट. पुण्याचा कॉल लवकर आटोपला होता, बाळाला ताप होता. मी खिचडी लावली होती, ती तशीच कुकरात. म्हटलं, बघू तरी आपला आवाज लोकांना कसा लागतो, आणि दुकानाला फोन लावला. दोनदा वाजल्यावर तो उचलला. चांगला वाटला हो. सावकाश, समजूतदार, घरात भरपूर माणसं असल्यासारखा. दुकान बंद झालंय म्हणाला, उद्या उघडेल म्हणाला, आणि मग मला विचारलं, जेवलीस का? मी "नाही" म्हणालो. तेवढंच. फोन ठेवायचंसुद्धा सुचेना. वेळ संपल्यावर यंत्रणेनंच तो बंद केला. मला फार एकटं वाटलं, आबा. इतके दिवस वाटत होतं, पण त्याला नाव दिलं नव्हतं.

माझं ते "नाही" पेटीत नोंदलं गेलं होतं, हे मला सकाळी दुकानात गेल्यावर लक्षात आलं. वृषाली कानाला लावून निरोप ऐकत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा डबा उघडला तेव्हा त्यात दोन भाकरी जास्तीच्या होत्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, आणि तेव्हापासून रोज आहेत. त्यामुळे जेवणाची काळजी करू नये.

असो. एवढीच हकीकत. वहिनींना नमस्कार, मुलाबाळांना आशीर्वाद, म्हशीला चारा. थोडक्यात लिहायचं होतं, लांबलं.

आपला,
नागेश

ता. क. शाळू निघाला असेल तर कुणी बारामतीकडे येणाऱ्याबरोबर एक पोतं पाठवा. घरी भाकरी होत नसली तरी पोतं असलं की बरं वाटतं.

आणखी एक ता. क. शाळू राहू द्या. उत्कर्षाशी मी दुकानातून, बाळ झोपल्यावर, बोललो. ती म्हणाली, "बाबा, पाळणाघर कधीच बघून ठेवलंय. पण आईला जा कसं म्हणू? तिला वाटेल, काम झालं आणि हाकललं." उत्कर्षाच सांगते, तुमची बहीण शेजारणीला म्हणते, मला कुणी बोलावलंच नाही. आणि मी म्हणत होतो, यायचं असेल तर येईल की, घर तिचंच आहे. तिघांपैकी कुणीच वाईट नाही आणि तिघांपैकी कुणीच बोलत नाही. मी स्वतः गेलो, तर न्यायला आलो असं दिसेल आणि ती बाळाकडे बघून नाही म्हणेल. मग मला दुसऱ्यांदा विचारता येणार नाही. तेव्हा आबा, तुम्ही मुऱ्हाळी म्हणून जा. दरवर्षी पंचमीला तुम्ही जळोचीला यायचात, तिला माझ्याकडून बावड्याला न्यायचात आणि मी दारात तोंड पाडून उभा राहायचो. आता एकदा तिकडून इकडे आणा. काळा चष्मा लावा, खिडकी बंद ठेवा, डोळ्यात धूळ जाऊ देऊ नका.

शेवटचं. ती विचारेल, ह्यांनी पाठवलं का? नाही म्हणा. तरी निघेना, तर हो म्हणा. आणि हो म्हणूनही ती दारात घुटमळली, तर वाद घालू नका, नुसती तिची पिशवी उचला आणि चालू लागा. भावानं पिशवी उचलली की ती मागं वळून न बघता निघते. मी दारात उभा असायचो, म्हणून मला माहीत आहे.