निकाराग्वाची सिगार

प्रिय अप्पा,

आज लिहायला बसले, कारण दुपारी फ्रान्सिसकाका आले होते, बोटीवरचे तुमचे जोडीदार. हल्ली वाघोलीला मुलीकडे असतात. हातात निकाराग्वाच्या दोन सिगार, एक त्यांची, एक तुमची.

"कुठाय आमचा हट्टी माणूस?" दारातूनच विचारलं त्यांनी.

"अप्पा गेले, काका. दिवाळीनंतर." याहून बरं कसं सांगायचं असतं हो? ते चपलांसकट सोफ्यावर बसले. मी पाणी आणलं, ते तसंच राहिलं.

मंगेश नोकरीसाठी मस्कतला, आणि बिबवेवाडीच्या या फ्लॅटमध्ये आपण सासरे-सून. डॉक्टरांनी ओढणं बंद केलं, तेव्हापासून तुम्ही सिगार नुसत्या हुंगायचात आणि मला ऐकवायचात. क्यूबाची म्हणजे ओली माती आणि चामडं. डॉमिनिकन सौम्य, "पाहुण्यांना द्यायला ठीक". निकाराग्वाची मिरीसारखी तिखट. फिलिपिन्सची? "गवत!" तमिळनाडूच्या चिरुटाला तर तुम्ही स्पर्धेतच घेत नव्हतात.

म्हणून तर एकदा डोळे मिटायला लावून मी एकेक तुमच्या नाकाशी धरली. "ही हवानाची. शंकाच नको!" तो निघाला दिंडीगलचा चिरूट! किती रुसलात! संध्याकाळी चहा घेताना म्हणालात, "पुण्याच्या उन्हाळ्यात क्यूबाचं पान सुकतं. त्यात माझ्या नाकाचा काय दोष?" एकदा तरी 'हरलो' म्हणायचं होतंत, अप्पा!

आता घरात वाद घालायला कुणी नाही. टीव्ही लावते, कुणी तरी बोलतंय असं वाटावं म्हणून.

काकांनी बाल्कनीत त्यांची सिगार पेटवली. कशी आहे, मी विचारलं.

"फर्स्ट क्लास. अगदी क्यूबासारखी."

आणि मी चक्क भांडले! "क्यूबासारखी कशी? ही पहिल्याच झुरक्याला घसा धरते, क्यूबाची सावकाश चढते. राख बघा, घट्ट आहे, गळत नाही. पान चांगलंच आहे, पण माती वेगळी."

ते बघतच राहिले. "तू ओढतेस?"

"नाही. मी फक्त ऐकलंय."

एवढं बोलले आणि रडूच फुटलं. तुम्ही गेल्यावर कुणासमोर रडले नव्हते. मंगेशसमोरही नाही; त्याची रजा संपत आली होती, म्हटलं, जाताना त्याच्या जिवाला घोर नको.

तुमची सिगार फोटोपुढे ठेवू का, काकांनी विचारलं. मी नको म्हटलं. चांगली सिगार वाळवून फुकट घालवलेली तुम्हाला चालली असती का? त्यांनाच परत दिली.

जाताना जिन्यात थांबून ते म्हणाले, "मेधा, मंगेशला माहीत आहे का, तू अशी एकटी कुढतेस ते?"

थोड्या वेळात त्याचा फोन येईल. रोज मी 'सगळं ठीक' म्हणते. आज नाही म्हणणार, अप्पा, शब्द देते. मला इथे करमत नाही, हे त्याला सरळ सांगेन. मग तो इकडे येवो की मला तिकडे बोलावो.

तुमच्या बाल्कनीतून,
मेधा