‘नावाडीण’ संपेपर्यंत कुणी बादली उचलू नये

मी, हॉरेस एडविन पेनफोल्ड, वय एकसष्ट, धंदा चित्रपटांच्या कथा लिहिणे व ते दिग्दर्शित करणे, राहणार विलो कॉटेज, टेडिंग्टन, आज रोजी पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही धाकाला, आग्रहाला किंवा जिनच्या बाटलीला बळी न पडता, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. या बाबतीत मिस्टर मॉर्टिमर क्लेग यांचे मत निराळे आहे. परंतु त्यांनी माझ्या बुद्धीचे पैसे कधीच दिले नसल्यामुळे त्यांच्या मताची दखल घेण्याचे कारण नाही.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती, ती दोन्ही रद्द समजावीत. पहिल्यात सर्व काही माझी पत्नी मॉड हिला दिले होते. ती माझ्याआधी गेली. दुसऱ्यात सर्व काही ब्रिटिश चित्रपटधंद्याच्या भल्यासाठी ठेवले होते. तो मॉडच्याही आधी गेला होता, हे मला उशिरा कळले.

माझे वकील मिस्टर टॅपलो हे या पत्राची अंमलबजावणी करतील. मी सांगत असताना ते शेजारी बसून लिहून घेत आहेत आणि मधूनमधून उसासे टाकत आहेत. ते उसासे मृत्युपत्राचा भाग नाहीत.

कलम १. माझे दफन शोरहॅमला, मॉडच्या शेजारी करावे. शवयात्रा रेंगाळत नेऊ नये. आमच्या सुरुवातीच्या चित्रपटांत पोलीस, खाटीक, पाद्री आणि कुत्रा सगळे धावतच असत. मला तीच चाल सवयीची आहे. पाद्रीबुवांनी माझ्या गुणांवर बोलू नये. त्यांनी माझा एकही चित्रपट पाहिलेला नाही, आणि न पाहता बोलण्याचा मान मी वर्तमानपत्रांच्या समीक्षकांना आधीच दिलेला आहे.

कलम २. माझा लाकडी कॅमेरा, हाताने फिरवायचा, शोरहॅमच्या शाळेस द्यावा. एकोणीसशे दोन साली मी तिथे दुकानांच्या पाट्या रंगवत होतो. किनाऱ्यावर काही मंडळींनी काचेचे मोठे घर उभारून आत चित्रपट काढायला सुरुवात केली आणि त्यांना पडद्यावर समुद्र रंगवणारा माणूस हवा होता. खरा समुद्र पन्नास पावलांवर होता, पण तो सांगितल्या वेळी शांत बसत नसे. मी समुद्र रंगवला, मग कथा रचल्या, मग नटांवर ओरडू लागलो. त्या काळी या तिन्ही कामांना मिळून एकच पगार होता आणि ढग आले की तोही बंद होई. मॉड ही तिथल्या पाववाल्याची मुलगी. पाठलागाच्या चित्रपटात कुणीतरी नदीत पडायला हवे होते आणि सगळे पुरुष हवेचा अंदाज घेत उभे होते. ही आली, पावांची टोपली खाली ठेवली आणि उडी मारली. वर येऊन म्हणाली, "पुन्हा मारू का? तुमचा चेहरा बघून वाटतंय की तुम्ही हँडल फिरवलंच नाही." खरेच फिरवले नव्हते. त्यानंतर माझ्या प्रत्येक चित्रपटात ती नदीत पडली, आणि मी तिच्या प्रेमात. तिच्याइतके चांगले पडणारे माणूस मला पुन्हा मिळाले नाही. हे मी थट्टेने सांगत नाही.

कलम ३. माझा भोंगा, ज्यातून मी नटांना सूचना देत असे, तो पुतण्या सिरिल याची पत्नी डॅफ्नी हिला देऊ नये. तिला त्याची गरज नाही.

कलम ४. मोजपट्टी, कापडी, पितळी डबीतली, ही मिस्टर मॉर्टिमर क्लेग यांना द्यावी. कारण सांगतो. महायुद्धानंतर अमेरिकेचे चित्रपट आले आणि आम्ही सगळे फुकट गेलो. मग सरकारला जाग आली, म्हणजे वरातीमागून घोडे. कायदा निघाला की प्रत्येक थिएटरात थोडे ब्रिटिश चित्रपट दाखवलेच पाहिजेत. त्यांत किती फूट फिल्म असावी ते कायद्यात होते. त्यांत काय असावे ते नव्हते. अमेरिकन कंपन्यांनी लंडनमध्ये क्लेगसाहेबांसारखे हुशार गृहस्थ बसवले आणि त्यांनी आम्हाला बोलावून फुटावर भाव ठरवला. छिटाच्या दुकानात ठरवतात तसा.

"पेनफोल्ड, तुझी गोष्ट कुठे संपते?" त्यांनी मला विचारले.

"शेवटी, साहेब."

"छान. शेवट आणखी दोनशे फूट पुढे ढकल."

मी ढकलला. दारातून आत येऊन टेबलापर्यंत पोहोचायला माझ्या नटांना इतका वेळ लागू लागला की टेबलावरचा चहा दरवेळी थंड व्हायचा. क्लेगसाहेबांनी माझा एकही चित्रपट पाहिला नाही. मोजले मात्र सगळे. तरी त्यांनी या मोजपट्टीने माझी शवपेटी मोजावी आणि ठरल्या दराने पैसे मॉडच्या थडग्यावरच्या फुलांसाठी द्यावेत. ते देणार नाहीत हे मला ठाऊक आहे. पण मागणी लेखी असलेली बरी.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. टॅपलोसाहेब, इथे उसासा टाकू नका.

हे चित्रपट कायद्यासाठी असल्यामुळे ते लोकांना दाखवण्याची कुणाला हौस नव्हती. पॅलॅडोर थिएटरात ते सकाळी लावत, सफाई चालू असताना. हॉल उघडा, दिवे अर्धे, पडद्यावर माझा चित्रपट आणि खुर्च्यांमधून बादल्या घेतलेल्या बायका. कायद्याने विचारले असते तर उत्तर तयार होते: दाखवला की! मी एकदा माझेच काम बघायला तिकीट काढून जाऊन बसलो. ते तिकीट विकताना खिडकीतल्या मुलीने मला दोनदा विचारले, "नक्की ना?"

थोड्या वेळाने कानाशी आवाज आला. "अहो मिस्टर, पाय वर घ्या."

मी घेतले. तिने खालची फरशी पुसली, कंबर सरळ केली आणि पडद्याकडे पाहिले. "हा मिशीवाला खोटं बोलतोय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"टोपी फिरवतोय बघा. माझा नवरा अस्साच फिरवायचा. एक दिवस टोपीसकट गेला तो गेलाच."

टोपी फिरवायला मी सांगितले नव्हते. नटाला थंडी वाजत होती. पण कुणीतरी बघत होते. या बाई म्हणजे मिसेस नेली स्प्रॅग, राहणार लॅम्बेथ. त्यांच्यासोबत तिथे काम करणाऱ्या बायकांनी माझे सगळे चित्रपट उभ्याने, ओल्या हातांनी, ओळीमागून ओळ सरकत पाहिलेले आहेत. माझा प्रेक्षकवर्ग तो एवढाच.

त्यातही गोम होती. शेवटचे रीळ लागले की खालून मुकादम मिस्टर बेल घंटा वाजवी आणि सगळ्यांना जिने आणि पितळी कठडे पुसायला पळावे लागे. म्हणजे मी ज्या शेवटांसाठी रक्त आटवले ते त्यांनी कधी पाहिलेच नाहीत. मग मी कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीशी थांबून त्यांना शेवट सांगू लागलो. चहा आणि चरबी लावलेला पाव माझ्याकडून, मत त्यांच्याकडून.

"म्हणजे खुनी त्याचा भाऊच निघाला?" नेली एकदा म्हणाल्या. "श्शी! त्यापेक्षा आमचे जिने बरे."

बाकीच्या बायका पोट धरून हसल्या. मला त्याआधी आणि त्यानंतर इतके नेमके परीक्षण मिळालेले नाही.

कलम ६. ‘नावाडीण’ हा चित्रपट मी गेल्या वर्षी शोरहॅमला काढला. क्लेगसाहेबांनी नेहमीप्रमाणे मोजला आणि नेहमीप्रमाणे पाहिला नाही. म्हणूनच तो मला हवा तसा काढता आला. हेस्टर नावाची बाई नदीवर होडी चालवते. तिचा नवरा तिला टाकून गेलेला. गावात पूल व्हायचा असतो, तिचा धंदा बसणार असतो, आणि नेमका त्याच आठवड्यात नवरा पलीकडच्या काठावर येऊन उभा राहतो आणि तिला हाक मारतो. होडी मध्यावर येते. हेस्टर वल्ही वर उचलते आणि थांबते. तिथे पाचवे रीळ संपते.

तिथेच घंटाही वाजली. बायका निघाल्या. नेली दारात बादली घेऊन तशाच उभ्या राहिल्या. शेवटी बेल वर आला आणि म्हणाला, "स्प्रॅगबाई, पगार बघायचा मिळतो की पुसायचा?" त्या गेल्या.

चहाच्या गाडीशी मी तोंड उघडले, तर त्यांनी हात वर केला.

"नका सांगू."

"का? एरवी तर तुम्हीच मागे लागता."

"बाकीच्या गोष्टी तुमच्या होत्या, कशाही संपवा. मेल्याने मला असंच सोडलं होतं. आज तो पलीकडच्या फुटपाथवर उभा राहिला तर मी काय करीन, माझं मला ठाऊक नाही. त्या बाईनं काय केलं ते मी बघणार. तुमच्या तोंडून नको."

आठवडाभर रोज तेच झाले. होडी मध्यावर, वल्ही वर, घंटा. मग चित्रपट उतरला, क्लेगसाहेबांची कंपनी हिशेब आवरून गेली आणि बाकीच्या प्रती त्यांतली चांदी काढायला भट्टीत गेल्या. एक प्रत माझ्या न्हाणीघरात आहे. ती तिथे कशी आली हे टॅपलोसाहेबांनी विचारले नाही, आणि वकिलाने न विचारलेले सांगू नये. ती थंडच ठेवावी, ही फिल्म एका ठिणगीने दारूसारखी भडकते. तिच्याजवळ पाइप ओढल्यास हे मृत्युपत्र सर्वांनाच एकदम लागू होईल. रिळे चिकटू लागली आहेत. यंत्रावर आणखी एकदा चालतील, दुसऱ्यांदा नाही.

कलम ७. माझ्या आयुर्विम्याचे पैसे आल्यावर त्यांतून पॅलॅडोर थिएटर एका संध्याकाळसाठी भाड्याने घ्यावे आणि ‘नावाडीण’ पहिल्या फुटापासून शेवटच्या फुटापर्यंत दाखवावा. जिवंतपणी का नाही, असे सिरिलने विचारले. कारण दुसरा पैसा माझ्याकडे नाही आणि विमा कंपनी मी मेल्याखेरीज देत नाही. क्लेगसाहेबांपेक्षा ती कंपनी भली. निदान मेल्यावर देते. डॉक्टरांच्या मते या हिवाळ्यातच द्यावे लागतील.

बाल्कनीतल्या पहिल्या रांगेतल्या, सर्वांत महागड्या खुर्च्या सफाईच्या बायकांना द्याव्यात. मिसेस स्प्रॅग मधोमध. मिस्टर बेल यांना दारात उभे करावे आणि घंटा काढून घ्यावी. चित्रपट संपेपर्यंत कुणी बादली उचलू नये. जिने घाण राहिले तर राहू द्यावेत.

कलम ८. हे घर सिरिलला. सिरिल वाईट नाही. फक्त आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्याची त्याला लहानपणापासून आवड. रिळांतली चांदी वजनावर घेणारा माणूस त्याने आत्ताच गाठला आहे, असे कळते. म्हणून अट अशी की कलम ७ प्रमाणे खेळ पूर्ण झाला आणि टॅपलोसाहेबांनी तो स्वतः बसून पाहिला, तरच घर त्याचे. न झाल्यास घर टेडिंग्टनच्या भटक्या मांजरांच्या आश्रमाला जाईल. डॅफ्नीला मांजरे सोसत नाहीत.

कलम ९. मॉडचा फरकोट मिसेस स्प्रॅग यांना द्यावा. तो चार चित्रपटांत राणीच्या आणि एका चित्रपटात अस्वलाच्या अंगावर होता. थिएटरात सकाळी फार गारठा असतो.

येथवर लिहून झाले तेव्हा साक्षीदारांचा प्रश्न आला. मिसेस स्प्रॅग दुपारी मला सूप घेऊन आल्या होत्या, त्यांनाच मी सही करायला सांगितले. टॅपलोसाहेब घाईने म्हणाले, "थांबा. जो साक्ष घालतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. कायदाच आहे."

"कोट ना?" नेली म्हणाल्या. "राहू द्या कोट. आणा ती लेखणी."

लेखणी हातात घेऊन त्या थांबल्या. "आणि तो खेळ? तोही जाईल?"

टॅपलोसाहेबांनी चष्मा पुसला. बाल्कनीतली खुर्ची ही कायद्याने मिळकत धरावी की काय, याचा दाखला त्यांच्या पुस्तकात नव्हता. "सांगता येत नाही," ते म्हणाले.

नेलींनी लेखणी खाली ठेवली. "मग नाही करत. मिस्टर पेनफोल्ड, माफ करा, तुमच्यासाठी काहीही केलं असतं. पण मला ती बाई बघायचीय."

मला रडू आले. एवढी वर्षे मी लोकांना खुर्चीत बसवायला कथा लिहिल्या आणि त्या सगळ्यांत मिळून हे एक वाक्य मला मिळाले. ते मृत्युपत्रात घालू नये, असा टॅपलोसाहेबांचा सल्ला आहे. सल्ल्याची फी मी देईन, सल्ला घेत नाही.

प्रत खराब झालीच तर, म्हणून ‘नावाडीण’चा शेवट मी इथे लिहून ठेवणार होतो. तो आता लिहीत नाही.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्याच म्हणण्याप्रमाणे आहे, म्हणून खाली सही करतो.

सही: हॉरेस एडविन पेनफोल्ड

साक्षीदार, दोघेही एकाच वेळी हजर. दोघांनीही लिहून देणाराचा एकही चित्रपट पाहिलेला नाही, सबब मनात राग नाही:

१. हर्बर्ट लुकर, दूधवाला, टेडिंग्टन
२. मिस अगाथा डंक, शेजारीण, न बोलावता आलेल्या

मुक्काम टेडिंग्टन, तारीख १९ ऑक्टोबर १९३६

हजर होत्या, पण सही केली नाही: मिसेस नेली स्प्रॅग.