सोळा सह्या आणि माझी बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कारखान्यांतले मोठे सर्किट ब्रेकर बसवणे व त्यांची निगा राखणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या दबावाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत; ती माझा माणसांवर विश्वास होता तेव्हा लिहिली होती. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी त्यांना त्यांच्या दवाखान्याचा मेन स्विच कुठे आहे ते विचारले. मला वार सांगता आला.

माझ्या घरातल्यांनी पन्नास वर्षे या धंद्यावर जेवून तो नेमका काय आहे हे कधी विचारले नाही, म्हणून एकदाच लिहितो. कारखान्यातला ब्रेकर कपाटाएवढ्या पेटीत बसतो. वीज प्रमाणाबाहेर वाहू लागली की पापणी लवायच्या आत पडायचे, म्हणजे ट्रिप होऊन पुरवठा तोडायचा, एवढे एकच काम त्याला असते. एरवी तो वर्षानुवर्षे नुसता उभा असतो, त्यामुळे तो चांगलाच आहे असे आळशी माणसाला वाटते. आतले ग्रीस वाळून डिंकासारखे होते, आणि ज्या दिवशी पडायचे त्या दिवशी तो पडत नाही. मग पेटी फुटते आणि समोर उभा असलेला माणूस भाजतो. म्हणून दर वर्षी ब्रेकर बंद करून, बाहेर ओढून, उघडून, साफ करून, पाडून बघायचा असतो. यापलीकडे या धंद्यात गुपित काही नाही, आणि एवढेही माझ्या नात्यातल्या पुरुषांना जमले नाही.

कलम १. घर व शिल्लक.
वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्या चिरंजीवांना द्याव्यात. सूनबाई पडद्यांसाठी खिडक्यांची मापे मी जिवंत असताना, मला खुर्चीसकट बाजूला सरकवून, घेऊन गेल्या आहेत. ती वाया जाऊ नयेत. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी आणि त्यावरून माझ्या फोटोसमोर भांडू नये. फोटो न लावला तर आणखी बरे.

कलम २. मेहुणे.
माझ्या दिवंगत पत्नीचे बंधू भंगारातले ब्रेकर आणून, रंग फासून नवे म्हणून विकतात. नाते सांभाळायचे म्हणून एक मीही घेतला होता. रंग खरवडला तर खाली दुसरा रंग, त्याखाली तिसरा, आणि आत जिथे ठिणगी विझवणाऱ्या पट्ट्या असायला हव्यात तिथे काहीच नाही. विचारले तर म्हणाले, "दाजी, बाहेरून कुणाला दिसतंय?" नटबोल्टही ते हाताच्या अंदाजाने आवळतात. त्या अंदाजाने सैल राहिलेला सांधा तापून एका ठिकाणी पॅनल वितळले, तेव्हा त्यांनी दोष उन्हाळ्याला दिला. तो रंगीत ब्रेकर मी त्यांच्या नावे ठेवत आहे. त्यांनी तो बैठकीच्या खोलीत ठेवावा.

कलम ३. कुलूप.
माझे लाल कुलूप कोणाला देऊ नये, फेकून द्यावे. या धंद्यात जो माणूस ब्रेकरवर काम करतो तो, कोणी वीज चालू करू नये म्हणून, दांड्याला स्वतःचे कुलूप लावतो, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो, आणि ते तोच काढतो. कुलूप दिसले म्हणजे आत माणूस आहे. बाटल्यांच्या कारखान्यातला फोरमन, ज्याला आम्ही घाईराव म्हणायचो, त्याने एकदा माझे कुलूप करवतीने कापायला घेतले. मी तेव्हा खांद्यापर्यंत पेटीत होतो. करवतीचा आवाज आला म्हणून हात बाहेर काढला, नाहीतर हे मृत्युपत्र फार पूर्वीच लागले असते. "साहेबांना घाई होती," म्हणाला. तो अजून जिवंत आहे असे कळते. मला पोचवायला त्याने येऊ नये, आलाच तर दारातून परत पाठवावे.

कलम ४. हत्यारे.
मोजून जोर लावायचा टॉर्क पाना, वीज कुठे झिरपते ते बघायचा मेगर, रबरी हातमोजे, आणि करंट सोडून ब्रेकर पाडून बघायचा सेट, हे सर्व मुलीला, दोन लेकरांतल्या थोरलीला. या घरात काम येणारी ती एकटी. हातमोजे घालण्याआधी हवा भरून भोक आहे का बघते. टेस्टर आधी चालू लाइनवर लावून बघते, मग बंद लाइनवर, आणि पुन्हा चालू लाइनवर, कारण टेस्टरही मरतो. चिरंजीव तिला पानेवाली म्हणतात. म्हणोत बापडे. पान्याला किती जोर लावायचा हे तिला कळते, यांना तो कुठल्या बाजूने धरायचा हे विचारावे लागते. तिला एकच सूचना: ब्रेकर बंद असला तरी स्प्रिंग ताणलेली असू शकते, ती सोडल्याशिवाय आत बोट घालू नये. हे तिला ठाऊक आहे, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कलम ५. वर्कशॉप.
वर्कशॉप चिरंजीवांना मिळणार नाही. कारण लिहितो.

मार्च महिन्यात खोक्यांच्या कारखान्याने वर्षाच्या तपासणीसाठी एक दिवस लाइन बंद ठेवली. ब्रेकर सोळा. प्रामाणिक माणूस दिवसात तीन करतो. काम घेताना चिरंजीवांनी सोळा कबूल केले होते. संध्याकाळपर्यंत तीन झाले, आणि त्यांनी माझ्यापुढे सोळा कागद ठेवले, कारण परवाना माझा आणि सही माझीच चालते. प्रत्येक कागदावर लिहिले होते: उघडून साफ केला, पाडून पाहिला, ठीक. मी म्हटले, "तेरा अजून उघडलेलेच नाहीत." तेव्हा ते शेजारी उभ्या असलेल्या कारखान्याच्या मॅनेजरकडे बघून हसले. "राहू द्या साहेब. बाबांचे हात थरथरतात हल्ली. सह्या सावकाश घेऊ."

मी सोळाच्या सोळा सह्या तिथेच ठोकल्या, हात थरथरत नाही हे दाखवायला. अक्षर देखणे आले होते. मॅनेजर म्हणाला, "वा, काका!" आणि मी खूश झालो.

माझी नस कुठे दाबायची हे कळणे, एवढेच चिरंजीवांचे कसब. पण पेन माझ्या हातात होते. मेहुणे रंग फासतात, घाईराव करवत चालवतो, आणि मी त्या दोघांना पन्नास वर्षे नावे ठेवून शेवटी त्यांच्याच पंगतीला जाऊन बसलो.

इथवर लिहून मी कागद शुद्धलेखनासाठी थोरलीकडे दिले. तिने उभ्यानेच वाचले.

"बाबा, हे मार्चमधलं?"

"हो."

"आज ऑगस्ट आहे. आणि मी हे तुम्ही गेल्यावर वाचायचं होतं?"

"मृत्युपत्र तसंच वाचतात."

"आणि तोवर तिथली माणसं?"

मी म्हटले, एवढे काही होत नाही, बरेच ब्रेकर चांगले असतात. हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून त्यांची लाज काढली आहे. तिने स्कूटरची किल्ली उचलली आणि म्हणाली, "चपला घाला."

कलम ६. (नऊ दिवसांनंतर लिहिलेले.)
मॅनेजरला मी सगळे सांगितले. त्याने मॅनेजर लोक करतात तेच केले: आधी दार लावले, मग आणखी कोणाला माहीत आहे ते विचारले. थोरली म्हणाली, "सगळ्यांना कळेल, साहेब. लाइन कधी बंद करताय तेवढं बोला." चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, तुम्ही आपलंच नाव घालवताय." नाव मार्चमध्येच गेले होते, हे त्यांना अजून समजलेले नाही.

थोरलीने पाच दिवसांत तेरा ब्रेकर उघडले. बारा पडले. अकरा नंबर पडला नाही. तिने तीनदा करंट सोडला, तीनदा तो तसाच उभा राहिला. आतले ग्रीस नखाने खरवडावे लागले.

अकरा नंबरच्या पेटीपुढे, हाताभर अंतरावर, खोकी कापायच्या मशीनवर एक बाई आठ तास उभी असते. मार्चमध्ये सह्या करायला तिनेच मला आपले स्टूल दिले होते. लाइन पुन्हा सुरू झाली त्या दिवशी तिने मशीन थांबवले आणि विचारले, "काका, मग इतके महिने मी कशासमोर उभी होते?"

परवाना मी तो देणाऱ्या सरकारी कचेरीत परत केला आहे, तेव्हा त्यावर कोणी डोळा ठेवू नये. वर्कशॉप थोरलीला. माझी पाटी उतरवून तिने स्वतःची लावावी आणि परवान्याच्या परीक्षेला बसावे.

मशीनवरच्या त्या बाईच्या नावे काही ठेवावे म्हणून मी काल पुन्हा गेलो होतो. ती म्हणाली, "मला तुमचं काही नको. तुम्ही गेल्यावर तर मुळीच नको." म्हणून तिच्या नावे काही ठेवलेले नाही. तिने मला माफ केले, असे माझ्यामागे कोणी सांगू नये.

वरील सहा कलमे मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवली, पाचवेही, आणि त्यांच्यासमोर सही केली.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. शेजारचा लेथवाला (सही)
२. समोरचे औषध दुकानदार (सही)

ठिकाण: वर्कशॉपच्या वरची खोली
तारीख: एकवीस ऑगस्ट